सर्व्हिस सेंटरचा फोन येतो, 'सर, हे ऑइलही बदलून टाकू?' यातलं खरंच गरजेचं काय असतं?

सकाळी गाडी सर्व्हिस सेंटरला सोडली की साधारण अकरा-साडेअकराला फोन येतो. "सर, रेग्युलर सर्व्हिस तर करतोच आहे. पण इंजिन फ्लश रेकमेंडेड आहे, कूलंटचा कलर गेलाय, एसीचा गॅस थोडा कमी वाटतोय, आणि इंजेक्टर क्लीनिंग केलं तर अॅव्हरेज वाढेल. करून टाकू का?"

तुम्ही तेव्हा मीटिंगमध्ये असता, नाहीतर लोकलच्या गर्दीत. गाडीतलं फारसं कळत नसतं. त्यात 'नको' म्हटलं आणि उद्या हायवेवर काही झालं तर, ही भीती असतेच. मग 'करा' म्हणून फोन ठेवला जातो आणि चार-साडेचार हजारांत होणाऱ्या सर्व्हिसचं बिल संध्याकाळी आठ-नऊ हजारांवर गेलेलं असतं.

हा फोन आता आणखी बऱ्याच घरांत वाजणार आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्या यात येतात. त्यानंतरच्या नवरात्र-दिवाळीत गाड्यांची जोरदार विक्री झाली. घरातली पहिलीच चारचाकी घेणारेही त्यात होते. स्पेअर पार्ट्सवरचा जीएसटीही सरसकट १८ टक्के झाला. सर्व्हिसिंगच्या लेबरवर मात्र आधीही १८ टक्के होता आणि आजही तेवढाच आहे.

आणि हो, 'फ्री सर्व्हिस' म्हणजे फक्त लेबर फ्री. ऑइल, फिल्टर, कूलंट आणि वरून सुचवलेली प्रत्येक बाटली आपल्याच खिशातून जाते. पहिल्या हजार किलोमीटरच्या सर्व्हिसला तर बहुतेक कंपन्यांच्या वेळापत्रकात नुसती तपासणीच असते. तिथंही कुणी एखादं 'ट्रीटमेंट' सुचवलं तर थांबून विचारायला हरकत नाही.

या सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, जे आग्रहानं विकलं जातं आणि जे गाडीला खरंच लागतं, या दोन याद्या एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. त्यामुळे सगळ्याला 'हो' म्हणणारा पैसे घालवतो. आणि एकदा फसल्यासारखं वाटून सगळ्याला 'नको' म्हणणारा कधीकधी त्याहून मोठी किंमत मोजतो.

आधी डीलरची बाजू

नवी गाडी विकून डीलरला जे मार्जिन मिळतं ते फार नसतं. ते वाढवून द्या, ही डीलरांच्या 'फाडा' या संघटनेची जुनी मागणी आहे. शोरूमचं भाडं, पगार, स्टॉकमधल्या गाड्यांवरचं व्याज हे सगळं भागवायला वर्कशॉपची कमाई लागते. त्यासाठीच बिलात एक कप्पा असतो, व्हॅल्यू अॅडेड सर्व्हिस, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत 'व्हॅस'. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, अंडरबॉडी कोटिंग ही सगळी मंडळी इथली.

फोनवर बोलणारा सर्व्हिस अॅडव्हायझर बहुतेक वेळा पंचविशीतला पोरगा असतो. त्याच्या डोक्यावर महिन्याचं व्हॅसचं टार्गेट असतं आणि ते पूर्ण झालं तरच इन्सेंटिव्ह. तो मुद्दाम खोटं बोलतो असं नाही. त्याला ट्रेनिंगमध्ये जे सांगितलं जातं तेच तो आपल्याला सांगतो. फक्त त्याच्या 'रेकमेंडेड' या शब्दाचा अर्थ 'डीलरनं सुचवलेलं' असा असतो आणि आपण तो 'कंपनीनं सांगितलेलं' असा घेतो.

मॅन्युअलमधलं एक पान

कंपनीनं काय सांगितलंय ते डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेल्या मॅन्युअलमध्ये असतं. पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर किंवा अॅपवर पीडीएफ मिळते. शेवटाकडे देखभालीच्या वेळापत्रकाचा तक्ता असतो. त्यात एका बाजूला भाग आणि ऑइलं, दुसऱ्या बाजूला किलोमीटर आणि महिने असतात. मधल्या चौकटींत बहुतेक दोनच अक्षरं दिसतात, 'आय' आणि 'आर'. 'आय' म्हणजे इन्स्पेक्ट, तपासा. 'आर' म्हणजे रिप्लेस, बदला.

निम्मा घोळ या दोन अक्षरांचा आहे. वीस हजार किलोमीटरला कूलंटसमोर 'आय' असतं, म्हणजे पातळी बघा, गळती बघा. एस्टिमेटमध्ये मात्र ते 'कूलंट रिप्लेसमेंट' होऊन येतं. फोन आला तेव्हा तुमच्या मोबाइलमध्ये या पानाचा फोटो असेल तर अर्धी चर्चा तिथंच संपते.

पण याच तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक मजकूर असतो आणि तो अॅडव्हायझरच्या बाजूचा आहे. 'सिव्हिअर कंडिशन्स', म्हणजे खडतर वापर. सतत थांबत-थांबत चालणारी गाडी, धुळीचे रस्ते, इंजिन नीट तापायच्या आत संपणाऱ्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, भरपूर वजन. अशा वापरात ऑइल लवकर बदला, असं कंपनीच सांगते. आता हिंजवडीचं ट्रॅफिक किंवा घोडबंदर रोड या व्याख्येत बसत नाही असं कोण म्हणेल? त्यामुळे 'मॅन्युअलमध्ये दहा हजार लिहिलंय, मी दहा हजारालाच बदलणार' असा हट्ट शहरातल्या माणसानं फार ताणू नये.

आणि तक्त्यात किलोमीटर आणि महिने यांपैकी जे आधी येईल ते धरायचं असतं. वर्षाला तीन हजारच चालणारी गाडी असली तरी वर्ष भरलं की इंजिन ऑइल बदलायचं.

ज्याच्यासाठी फोन क्वचितच येतो, ते ब्रेक ऑइल

सगळ्या यादीत सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचं काय, असं विचारलं तर मी ब्रेक ऑइल म्हणेन. नावात ऑइल असलं तरी ते तेल नाही. आपल्याकडच्या गाड्यांत बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं, ग्लायकॉल वर्गातलं द्रव असतं. त्याचा एक गुणधर्म म्हणजे ते हवेतला ओलावा शोषून घेतं. रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून, हळूहळू, गाडी उभी असली तरी. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत तर विचारायलाच नको.

पाणी मिसळल्यानं काय होतं? ब्रेक पॅडल दाबलं की हे द्रव तो दाब चाकांपर्यंत पोचवतं. द्रव दाबला जात नाही म्हणून हे जमतं. पण ब्रेक लागतो तेव्हा प्रचंड उष्णता तयार होते आणि ती कॅलिपरमधल्या द्रवापर्यंत जाते. नवं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी शिरलं की हेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. द्रव उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. मग पॅडल एकदम मऊ लागतं, खाली जातं, आणि ब्रेक लागत नाही.

शहरात चाळीसच्या स्पीडनं फिरताना हे कधी कळणारही नाही. कळतं ते महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना, गाडीत पाच माणसं आणि डिकीत बॅगा असताना, पाय सतत ब्रेकवर ठेवलेला असताना. घाटात खालच्या गिअरवर उतरा असं जुने ड्रायव्हर सांगतात त्यामागे हेच कारण आहे. पण त्या सवयीबरोबर ब्रेक ऑइलही ताजं हवं.

बऱ्याच कंपन्या ते दोन ते तीन वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी कमी चालली तरी. द्रवाची बाटली काहीशे रुपयांत येते, लेबर वेगळं. आता तुमची गाडी चार-पाच वर्षांची असेल तर जुनी बिलं काढून बघा, ब्रेक ऑइल बदलल्याची एकतरी नोंद आहे का. इंजिन फ्लश तीनदा आणि ब्रेक ऑइल एकदाही नाही, असं निघालं तर नवल वाटायला नको. याचं साधं कारण म्हणजे ब्रेक ऑइल बदलायला वेळ लागतो, चारही चाकांकडून जुनं काढून हवा काढावी लागते. फ्लशची बाटली दोन मिनिटांत ओतून होते.

नुसत्या रंगावरून मात्र निर्णय घेऊ नका. काळपट झालेलं जुनं असतं हे खरं, पण स्वच्छ दिसणाऱ्यातही पाणी असू शकतं. काही ठिकाणी पेनासारखं दिवे लागणारं टेस्टर बुडवून पाण्याचं प्रमाण दाखवतात. त्यावरून अंदाज येतो, एवढंच. तारीख लक्षात ठेवणं सोपं. आणि पातळी कमी झाली म्हणून नुसती भर टाकून देणारा असेल तर त्याला थांबवा. पातळी खाली गेली म्हणजे एकतर ब्रेक पॅड झिजलेत किंवा कुठंतरी गळतंय.

काळ्या ऑइलचा खेळ

इंजिन ऑइल बदलायचं यावर वाद नाही. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ते दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं असतं, सोबत ऑइल फिल्टर. वाद असतो तो त्याच्या आजूबाजूला.

डिपस्टिक काढून, पांढऱ्या कापडावर पुसून 'बघा सर, किती काळं झालंय' असं दाखवतात. ऑइल काळं होणं म्हणजे ते खराब होणं नव्हे. त्यात डिटर्जंट घातलेलं असतं, त्याचं कामच इंजिनमधली काजळी धरून ठेवणं आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑइल टाकल्यावर काही दिवसांतच काळं दिसायला लागतं.

तिथूनच गाडी इंजिन फ्लशवर येते. जुनं ऑइल काढण्याआधी त्यात एक रसायन ओततात, इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवतात आणि मग सगळं काढतात. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाडीत धुऊन काढण्यासारखा गाळ मुळात साठतच नाही. मग फ्लश कशासाठी? जनरल मोटर्सनं आपल्या डीलरांना पाठवलेल्या सर्व्हिस बुलेटिनमध्ये इंजिन फ्लशची आम्ही शिफारस करत नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या, गाळ साचलेल्या इंजिनची गोष्ट वेगळी, पण तिथं सुटलेला गाळ बारीक नळ्यांत जाऊन अडकण्याचा धोकाही असतो. म्हणजे चांगल्या इंजिनला गरज नाही आणि खराब इंजिनला भरवसा नाही.

ऑइलचा ग्रेड मात्र मॅन्युअलप्रमाणेच हवा. ०डब्ल्यू-२० लिहिलेल्या इंजिनात 'घट्ट ऑइल बरं असतं' म्हणून दुसरं काही टाकणं चुकीचं. उलट ५डब्ल्यू-३० चालत असेल आणि साध्या ऑइलला परवानगी असेल तर महागडं फुल्ली सिंथेटिक घ्यायचं की नाही, हा तुमचा निर्णय आहे. बिलातले लिटरही बघा. १२०० सीसीच्या आसपासच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत तीन ते चार लिटरच्या दरम्यान ऑइल बसतं. तुमच्या इंजिनचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

दुचाकीवाल्यांसाठी जाता जाता: बहुतेक बाइकमध्ये तेच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच तिघांनाही पुरतं. म्हणून कारचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये टाकू नका, क्लच घसरायला लागतो. डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं बघून घ्या. स्कूटरला मागच्या चाकाजवळ वेगळं गिअर ऑइल असतं, जेमतेम शंभर-सव्वाशे मिलीलिटर. ते वर्षानुवर्षं कुणी बदलतच नाही.

कूलंट: 'इथं कुठे बर्फ पडतो?'

कूलंटला काही जण अँटिफ्रीझ म्हणतात, त्यामुळे आपल्याकडे त्याची गरजच नाही असा समज पसरलेला आहे. ते गोठू न देणं हे त्याचं एक काम झालं. आपल्यासाठी महत्त्वाची दोन कामं वेगळीच. एक म्हणजे उकळणं लांबवणं. अर्धं कूलंट आणि अर्धं पाणी, वर रेडिएटरच्या झाकणाचा दाब, असं असलं की उकळायला साधारण १२९ अंश लागतात. नुसतं पाणी उघड्यावर १०० अंशांनाच उकळतं. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर हा फरक कळतो. दुसरं काम गंज रोखणं. रेडिएटर, वॉटर पंप, इंजिनचा हेड यांच्यात अॅल्युमिनियम असतं आणि आपल्या बोअरच्या जड पाण्यानं त्यात क्षार बसतात.

म्हणून कूलंट हवंच. पण दरवर्षी नको. जुन्या प्रकारचं कूलंट दोन-तीन वर्षं चालायचं. आताच्या गाड्यांतलं लाँग लाइफ प्रकारचं त्याहून खूप जास्त टिकतं. टोयोटाच्या सुपर लाँग लाइफ कूलंटचं उदाहरण घ्या: पहिल्यांदा १,६०,००० किलोमीटरला आणि त्यानंतर दर ८०,००० ला. अशा गाडीच्या मालकाला वीस हजाराला 'कलर गेलाय' म्हणून फोन आला तर काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच ठरवा. रंग हा कंपनीनं टाकलेला डाय असतो. हिरवं, लाल, निळं यावरून प्रकार ठरत नाही, त्यामुळे एकात दुसरं मिसळू नका. कूलंट वारंवार कमी होत असेल तर भर टाकून चालणार नाही, गळती शोधायला सांगा.

गिअर ऑइल: इथं उलटा प्रकार

मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल बरीच वर्षं टिकतं, तक्त्यात बघा आणि सोडून द्या. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. त्याला पारंपरिक ऑटोमॅटिकचं 'एटीएफ' बदलायचं एस्टिमेट आलं तर कशाबद्दल बोलताय ते नीट विचारा.

सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र कंजुषी करू नये. तिथं ऑइलच दाब पोचवतं, थंड ठेवतं आणि वंगणही देतं. काही महागड्या गाड्यांत कंपनी त्याला 'लाइफटाइम फिल' म्हणते, म्हणजे बदलायची गरजच नाही. पण अनेक मोठ्या ब्रँडना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला असं सांगते. लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफ, वॉरंटीचं की गाडीचं, हा प्रश्न आहे. गाडी पाच वर्षांत विकणार असाल तर सोडा. दहा वर्षं वापरणार असाल तर इथं खर्च करा. आणि ऑइल कंपनीनं सांगितलेलंच टाका. सीव्हीटीत दुसरं काही गेलं तर गिअरबॉक्सचं बिल लाखांत जाऊ शकतं.

जे गाडीत नसतंच त्याचं बिल

हे वाचून हसू येईल, पण तपासा. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग असतं. त्यात मोटर असते, ऑइल नसतं. अशा गाडीच्या एस्टिमेटमध्ये 'पॉवर स्टीअरिंग ऑइल' दिसलं तर हातात बोनेट उघडून टाकी दाखवा म्हणायचं. बोलेरोसारख्या हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या गाड्यांत ते असतं.

एसीचा गॅस हा दुसरा प्रकार. तो पेट्रोलसारखा संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. जुन्या गाडीत वर्षांगणिक किंचित कमी होतो. पण दर उन्हाळ्यात 'टॉप-अप' लागत असेल तर कुठंतरी लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

इंजेक्टर क्लीनिंगला सध्या ई-२० ची फोडणी मिळाली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाड्यांचे मालक धास्तावलेले आहेत, सुप्रीम कोर्टात याचिकाही झाली आणि १ सप्टेंबर २०२५ ला ती फेटाळली गेली. या भीतीवर 'ई-२० मुळे इंजेक्टर चोक होतात, क्लीनर टाकून घ्या' हे सहज खपतं. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरच्या वापरानंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं म्हटलं होतं. म्हणजे जुन्या गाडीत बघायचे ते इंधनाचे होज, सील, गॅस्केट. बाटलीतल्या क्लीनरनं रबर बदलत नाही. गाडी झटके देत असेल, मिसफायर होत असेल, चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर आधी स्कॅन करून कारण शोधा. कसलीच तक्रार नसताना इंजेक्टर साफ करायची गरज नाही.

डिझेलवाल्यांनी एक अपवाद लक्षात ठेवावा. बीएस-६ च्या ज्या गाड्यांत डीईएफची, म्हणजे युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते, तिथं ते भरावंच लागतं. ते संपू दिलं तर गाडी पुन्हा स्टार्ट व्हायला नकार देते. त्यात पाणी मिसळायचा जुगाड करू नका.

'वॉरंटी जाईल हं सर'

हे वाक्य आलं की बहुतेक जण शरण जातात. वॉरंटीच्या अटीत वेळापत्रकाप्रमाणे सर्व्हिस करणं असतं. तक्त्यातली 'आर' वाली कामं चुकवली तर अडचण येऊ शकते, हे खरं. पण व्हॅसमधली बाटली नाकारल्यानं वॉरंटी कशी जाईल? असं कुणी म्हणालं तर वॉरंटी बुकलेटमधलं ते कलम दाखवा, नाहीतर व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा, एवढंच म्हणायचं. लिहून सहसा येत नाही.

बाहेरच्या गॅरेजचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू न देणं आणि त्यातून ग्राहकाला अडकवून ठेवणं, असा तो ठपका होता. प्रकरण पुढं अपिलात गेलं. मग २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल आलं आणि त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण त्याचा वेगळा कायदा झालेला नाही. त्यामुळे वॉरंटी असेपर्यंत तक्त्यातली कामं अधिकृत ठिकाणी करणं आणि बाकीच्याला नाही म्हणणं, हा मला तरी व्यवहारी मार्ग वाटतो. वॉरंटी संपल्यावर ओळखीचा चांगला मेकॅनिक असेल तर खुशाल तिकडे जा. अट एकच, ऑइलचा ग्रेड तुम्ही सांगायचा आणि सील तुमच्यासमोर फोडायला लावायचं.

फोन आल्यावर काय बोलायचं?

खरं तर फोनच्या आधी, गाडी सोडतानाच जॉब कार्डवर लिहून द्या की ठरलेल्या सर्व्हिसशिवाय कोणतंही काम मला विचारल्याशिवाय करू नये. मग फोन आला तर विचारा, हे या किलोमीटरला मॅन्युअलमध्ये 'आर' आहे का? नसेल तर गाडीत काय बिघाड दिसला? त्याचा फोटो किंवा रीडिंग पाठवा. 'प्रिव्हेंटिव्ह आहे सर' एवढंच उत्तर आलं तर पुढच्या वेळी बघू म्हणा. ब्रेक ऑइल, गळती, फाटलेला होज यांपैकी काही असेल तर टाळू नका.

न सांगता केलेलं काम बिलात दिसलं तर पैसे देण्याआधी ते काढायला सांगा, आणि जॉब कार्डची प्रत जपून ठेवा. वाद मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पुढं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात 'ई-जागृती' पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही.

एका बाबतीत मात्र हे सगळं बाजूला ठेवा. सेकंड हँड गाडी घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे सर्व्हिसची बिलं नसतील, तर कशाला किती वर्षं झाली हे कळायला मार्ग नाही. तिथं इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइलही एकदा बदलून घ्या, आणि त्या दिवसाची तारीख व किलोमीटर मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. तुमचं वेळापत्रक तिथून सुरू होतं. इंजिन फ्लश तेव्हाही नको.